पॅडला स्वतःचा आवाज नसतो

"ढोल कडक लाव. मागच्यासारखा फुसका वाजला तर घरी बघतो तुझ्याकडे," संपत बायकोच्या कानात म्हणाला आणि हसत स्टेजवर चढला.

प्रणालीने फाटलेल्या ओठावरून जीभ फिरवली. त्याच्या ऑक्टोपॅडला स्वतःचा आवाज नव्हता. स्टिक पडली की इशारा वायफायने मंडपामागच्या तिच्या लॅपटॉपवर यायचा, आणि ती जोडून देईल तोच आवाज स्पीकरमधून निघायचा.

लॅपटॉपच्या पडद्यावर पॅडपासून ढोलाच्या आवाजाकडे गेलेली रेघ तिने तोडली आणि दुसऱ्या आवाजाला जोडली. तो आवाज काल स्वयंपाकघरात, डब्यांमागे ठेवलेल्या मोबाइलने टिपला होता.

संपतने पहिला ठोका दिला.

"आई गं, डोक्यात नका मारू." प्रणालीची किंकाळी अख्ख्या मंडपात घुमली.

तो चिडला. चिडला की त्याला मारणं थांबवता यायचं नाही. जितक्या जोराने तो पॅडवर मारत गेला, तितकी किंकाळी वाढत गेली. लोक उठून उभे राहिले.

पहिल्या रांगेत सासूने कान झाकले. घरी अशा वेळी ती टीव्हीचा आवाज वाढवायची.

प्रणालीने स्पीकरचा वाढवला.