बर्नरमधली ज्योत

हे कामावरून परतेपर्यंत देवापुढचा दिवा विझू द्यायचा नाही, हे माझं रोजचं व्रत.

आज बराकपूरच्या एका हॉटेलातून यांनी गॅस-इंजिनियरांच्या ग्रुपवर फोटो टाकला. घरच्या लॅपटॉपवर यांचा ग्रुप उघडाच असतो, तो मी वाचत होते. "गॅस बंद केला, नळीही काढली. तरी बर्नर जळतोय. काय करू?"

"सलीलदा, नमस्कार करा नि सटका!" एकाने चेष्टा केली. दुसऱ्याने लिहिलं, "फुंकून बघा."

इथे आमच्या बेहाला भागातल्या, बंद खिडक्यांच्या घरात, माझा दिवा विझला. मी लगेच लावला.

"विझून पुन्हा पेटला," यांनी लिहिलं.

"पुन्हा फुंका."

मी ज्योतीला दोन्ही हातांचा आडोसा केला. "नाही विझू देणार," मी हळूच म्हणाले.

यांचा नवा फोटो आला. बर्नरभोवती माझे बांगड्या घातलेले हात होते, आणि माझ्या मागून पुढे येणारा एक तिसरा हात.

मी मागे वळले नाही. हातही काढले नाहीत.