त्या उठल्या का नाहीत?

फोन आला तेव्हा तो कुणाच्या तरी स्वयंपाकघरात सिंकखाली आडवा पडून पाइप बसवत होता. फोन मेहुणीचा होता.

"भावोजी, ताईच्या कारखान्याला आग लागलीय. या लवकर."

घरमालकीण म्हणाली, "अरेरे! पण तेवढं बसवून जा हं, पाणी गळतंय." त्याने बसवलं. बायको खाली रस्त्यावर उभी राहून आपली वाट बघत असेल, असंच त्याला वाटत होतं.

ती वरच्या मजल्यावर होती. आपल्या शिलाई मशीनसमोर, खुर्चीतच. तोंडावर मास्क, हातात मोजे, केस सगळे टोपीखाली. आजूबाजूच्या बायकाही तशाच. खालच्या गोदामातला धूर जिन्याने वर आला, पण त्याच्या बराच आधी आगीचा भोंगा वाजला होता. अख्ख्या गल्लीने तो ऐकला होता.

मालकांना फार दुःख झालं. त्यांनी पेपरात काळ्या चौकटीत श्रद्धांजली छापली. कारखान्याचं चिन्ह मुद्दाम लहान ठेवलं. मग चौकशीचा अहवाल आला. भोंगा चालू होता. जिना मोकळा होता. मयत कामगारांनी सुरक्षेची सगळी साधनं घातली होती, त्याबद्दल व्यवस्थापनाची पाठ थोपटली होती. मृत्यूचं कारण म्हणून लिहिलं होतं, कामगारांचा गाफीलपणा.

त्याची बायको आणि गाफील! घरची बेल वाजली तरी ती आधी केस सारखे करायची, खुर्चीत ताठ बसायची आणि मगच "कोण आहे?" म्हणायची. तो हसायचा. "काय गं, राणीसाहेब आल्या का भेटायला?" ती म्हणायची, "सवय लागलीय मेली कारखान्यातली." कसली सवय, ते त्याने कधी विचारलं नाही.

'गाफील' हा शब्द खोडावा म्हणून तो सरकारी साहेबांच्या दारोदार फिरला. मग त्याच मालकांच्या दुसऱ्या कारखान्याच्या फाटकासमोर पाटी घेऊन उभा राहू लागला. सगळं काम तिकडे हललं होतं. माणसं गेली म्हणून शर्ट थोडेच थांबतात? मेहुणीही तिथेच शिवायला होती. पाटीवर त्याने एवढंच लिहिलं होतं: 'त्या उठल्या का नाहीत?' कामगार संघटनेचा पुढारी म्हणाला, "काका, मुद्दा बरोबर आहे, पण घोषणेला जरा यमक पाहिजे." यमक काही त्याला जमलं नाही.

एके दिवशी ज्या परदेशी कंपनीसाठी हे शर्ट शिवले जात, तिची माणसं पाहणीला आली. फाटकाशी उभा असलेला विधुर फोटोत बरा दिसत नाही, म्हणून त्याला आत बोलावलं. चहासुद्धा दिला. आगीनंतर आणलेला नवा मॅनेजर भलताच उत्साही होता. सगळ्यांना वरच्या मजल्यावर नेऊन तो म्हणाला, "आता मी भोंगा वाजवतो. बघा, मजला कसा झटक्यात रिकामा होतो!"

त्याने लाल बटण दाबलं.

भोंगा वाजला. मशीनं थांबली. बायकांनी ड्रॉवर उघडले. मास्क काढून तोंडाला लावले, मोजे चढवले, केस टोपीखाली कोंबले. मग सगळ्या ताठ बसल्या आणि पाहुण्यांकडे बघून हसल्या. मास्कच्या वर डोळे तेवढे हसताना दिसले. उठलं कुणीच नाही.

"अहो, बसताय काय?" मॅनेजर ओरडला. "उठा! खाली पळा!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पुढच्या रांगेत मेहुणी होती. ती गोंधळून म्हणाली, "असं कसं उठणार, साहेब? भोंगा झाला म्हणजे पाहुणे आले. नटून गप्प बसायचं, जागा सोडायची नाही. जी उठेल ती घरी, असं पहिल्याच दिवशी बजावतात."

त्याने मेहुणीकडे पाहिलं. ती तशीच बसली होती, बहिणीसारखी.

"साहेब," तो मॅनेजरला म्हणाला, "त्या दिवशी कोण पाहुणे आले होते?"

मॅनेजरने भोंगा बंद केला. पाहणीला आलेल्या परदेशी बाईंनी सोबतच्या दुभाष्याला विचारलं, काय म्हणतात हे लोक? दुभाषा मालकांचा जुना माणूस होता. त्याने सांगितलं, इथली शिस्त वाखाणण्यासारखी आहे म्हणतात. बाईंनी मान डोलावली.

तो बाहेर आला आणि पाटीवरचा प्रश्न पुसून टाकला. आता तिथे उत्तर आहे, अजूनही यमक नसलेलं. पाहणीला येता-जाता बाई गाडीतून ते वाचतात की नाही, ठाऊक नाही. अहवालातला शब्द अजून खोडलेला नाही. भोंगा अजून दोन्ही कामं करतो, आगीचं आणि पाहुण्यांचं.