अप्पांच्या अक्षता

मुहूर्त देवासाठीसुद्धा थांबत नाही म्हणतात. जालन्याच्या त्या मंगल कार्यालयात तो थांबला, आणि तोही नेटसाठी. नवरीचे आजोबा अप्पाराव पाय मोडून घनसावंगीला घरीच पडले होते आणि मोबाइलवर लग्न लाइव्ह बघत होते.

"कॅमेऱ्यातून मिक्सरमध्ये, तिथून क्लाउडवर, मंग अप्पांकडं. अर्धं मिनिट मागंच राहणार," व्हिडिओवाल्या कल्याणने समजावलं.

"मंग थांबू," राजनंदिनी अंतरपाटाआडून म्हणाली. "अप्पांच्या अक्षदा पडल्याबिगर मी हार घालणार न्हाई."

भटजी थांबले, बँडवाले थांबले, नवरदेवाला कुणी विचारलंच नाही. कल्याणने अप्पांना फोन लावून माइकला धरला.

"टाकल्या का अप्पा अक्षदा?"

"टाकल्या की. पार मोबाइल झाकून गेला. पोरगी लई गोड दिसून राह्यली. जराशी उंच वाटली, बरं का."

सगळा मांडव हसला. राजनंदिनीने डोळे पुसले आणि हार घातला. एवढ्या महागाच्या मशिनींचं आज चीज झालं, असं कल्याणला वाटलं.

त्याच दिवशी त्याचा भाऊ भोकरदनला दुसरं लग्न लाइव्ह दाखवत होता. कल्याणने अप्पांना लिंक पाठवली होती ती त्या लग्नाची.