नाट्यगृहाचं निळं दार

अठ्ठाविसावा नमुनाही फसला. रंगाऱ्याच्या लेकीने रंगवलेली फळी जुन्या झडपेला लावून पाहिली आणि कपाळावर हात मारला. निळा होता, पण मेलेला! नाट्यगृहाच्या दाराची ही जुनी झडप उन्हात तिरकी पाहिली की निळ्याच्या आतून तांबूस पेटायची. दुसरी झडप मोडली होती, तिच्या जागी सुताराने कोऱ्या लाकडाची बसवली होती. चार वाजता वास्तुरचनाकार बाई येणार. रंग जुळला तर ठीक, नाहीतर जुनीही खरवडून दोन्हींना सरसकट तपकिरी. बाबांचं सगळ्यात नावाजलेलं काम, गेलंच म्हणायचं.

“बाबा, आता तरी सांगा, निळ्यात मिसळलं काय होतं?”

“काही नाही गं.” म्हातारा रंगारी स्टुलावर बसून चहा फुंकत राहिला.

तीस वर्षं हेच उत्तर! याच निळ्यावर त्यांना मानपत्र मिळालं, आणि पोटच्या पोरीपुढे मात्र तोंडाला कुलूप. तिला फार लागायचं. आपल्या हातात तेवढं कसब नाही, असंच त्यांना वाटत असणार.

साडेतीनला सुताराने जुन्या झडपेची खालची पितळी पट्टी उचकटली. तिच्याबरोबर निळा पोपडाही निघाला. खाली पांढरं अस्तर हवं. होतं चक्क तांब्याच्या रंगाचं!

“अगं बाई! मिसळलेलं नाहीच, खाली आहे!”

ती धावली. जिन्याच्या कठड्यांसाठी आणलेला तांब्याचा रंग फळीवर फासला, हेअर ड्रायरने वाळवला, वर पातळ निळा ओढला आणि फळी उन्हात धरली. पेटली की! सुताराने शिट्टी मारली. ती नाचायचीच काय ती बाकी होती.

“लबाड आहात बाबा! हे सुचलं कसं तुम्हाला?”

बाबांनी कप खाली ठेवला.

“मला कसलं सुचतंय! जेवून आलो तर कमरेपर्यंत दोन्ही झडपांना कठड्याचा रंग फासलेला. संध्याकाळी उद्घाटन. वरचं मीही तसंच रंगवलं आणि निळ्याने झाकलं. शाबासकी घेतली, मग सांगायची लाज वाटायला लागली.”

“पण फासला कुणी?”

त्यांनी पट्टीच्या जागेकडे बोट दाखवलं. ती वाकली. तांब्याच्या रंगात पाच इवल्या बोटांचा ठसा होता.

“सहा वर्षांची होतीस. हात पुरला तिथवरच रंगवलंस.”