मुकादमाची गाठ

गेनबाआबांची गाठ मुळासकट निघाली, आबा ठणठणीत आहेत. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. गाठ अजून मानेवरच आहे.

आमच्या भुसार बाजारात पोती वाहून वाहून जुन्या हमालांच्या मानेमागं चरबीची गाठ येते. ज्याची गाठ सगळ्यात मोठी, तो मुकादम. आबांची मोसंबीएवढी होती, त्यामुळे निवड बिनविरोध.

तपासणी शिबिरात डॉक्टरीणबाईंनी ओळीनं सगळ्यांच्या माना चाचपल्या आणि आबांपाशी थांबल्या. "बाकीच्यांच्या गाठी मऊ आहेत, बोटाखाली सरकतात. तुमची टणक आहे, खोल रुतलीय. कधीपासून वाढतेय?"

"सहा महिन्यांत दुप्पट!" आबा छाती फुगवून म्हणाले. "ह्या सोपानची वीस वर्षं लिंबावरच अडकलीय."

बाई हसल्या नाहीत. सुईनं तुकडा काढून तपासला, तर साध्या गाठीसारखा दिसणारा कॅन्सर निघाला. लाखात एखाद्यालाच होतो म्हणे. पसरायच्या आत सापडला होता.

"म्हंजे ह्या पोरांना न्हाई ना?" आबांनी विचारलं.

"नाही."

"मग काढा."

महिन्याभरानं आबा सपाट मान घेऊन परतले, तोवर लिंबूवाला सोपान मुकादम झाला होता. आबांनी त्याच दिवशी माझ्याकडून बाजार समितीला अर्ज लिहून घेतला: "तरी इस्पितळाच्या बरणीतील माझी गाठ सेवाज्येष्ठतेचा पुरावा म्हणून ग्राह्य धरून, तिची रोज सकाळी हजेरी लावण्यात यावी, ही नम्र विनंती."