खिडकीतल्या रजेचा पहिला पुरावा

"तोंडी चालत नाही, केस्टनरबाई," शब्दकोशाच्या कचेरीतली मेरिंग म्हणाली. "कागद हवा. तारखेसकट."

रोसविथानं साखर न घालताच कॉफी ढवळली.

शब्द होता फेन्स्टरउरलाउब. फेन्स्टर म्हणजे खिडकी, उरलाउब म्हणजे रजा. बर्लिनची भिंत उभी होती तोवर पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगहून इटलीला जायची सोय नव्हती. मग जेवणं उरकली की ती आणि तिचा नवरा एकेहार्ट खिडकीशी खुर्च्या ओढायचे, मांडीवर नकाशा पसरायचे आणि जाऊन यायचे. भिंत पडल्यावर एका प्रवास कंपनीनं तोच शब्द जाहिरातीत छापला. आता कोशात त्याचं मूळ म्हणून ती जाहिरातच लागणार होती.

"शब्द माझ्या नवऱ्याचा," रोसविथा म्हणाली. "माणूस गेला. कपडे मी देऊन टाकले. एवढा एक शब्द राहिलाय, तोही जाहिरातवाल्यांना देऊ?"

"नक्की त्यांचाच? तुम्हाला नसेल सुचला?"

"मला? मला साधं मांजराला नाव सुचलं नाही, बाई. सगळी अक्कल त्याच्याकडे."

मेरिंग जरा घुटमळली. "तुमच्यावर गुप्त पोलिसांची पाळत होती ना? मग फाइल असेल."

"असेल की. तेव्हा आमचं बोलणं टिपायला सरकारनं माणसं ठेवली होती. आता आपणहून सांगतेय, तर कुणी लिहून घेईना."

इतकी वर्षं तिनं ती फाइल मागवली नव्हती. खबरी म्हणून वरच्या मजल्यावरच्या कुबित्झबाईचं नाव निघालं, तर जिन्यात तोंड कसं दाखवायचं, एवढीच धास्ती. आता कुबित्झबाईही उरली नव्हती.

अर्जानंतर सात महिन्यांनी बोलावणं आलं. कारकुनानं जाड फाइल समोर ठेवली. "सावकाश वाचा," म्हणाला.

शेजाऱ्याची रद्दी चाळावी तशी ती पानं उलटत गेली. काहीच वाटत नव्हतं. खबऱ्याचं टोपणनाव 'माळी'. त्याला सगळं ठाऊक: कोण आलं, कुणाचं पत्र आलं, सूप खारट झालं. जमिनीला कान लावून बसत असणार कुबित्झ, तिच्या मनात आलं.

आणि शब्द सापडला. ११ मार्च १९७८. टंकलेला, ठळक. जाहिरातीच्या तेरा वर्षं आधीचा.

तिनं मेरिंगसाठी तारीख उतरवून घेतली. "मिळाला रे तुझा," ती पुटपुटली.

खाली अधिकाऱ्यानं विचारलं होतं: हा शब्द आला कुठून? पश्चिमेकडचा सांकेतिक शब्द आहे का?

त्याखाली माळ्याचं उत्तर होतं: "नाही. बाहेरचा नाही. काल जेवताना माझ्या बायकोला सुचला."