हाऊसफुल्लचा आवाज

"आली भाऊ. आज बी दोन तिकिटं," कय्यूमनं जिन्याखालून आवाज दिला. तिकीट खिडकी, गेट, कँटीन, सगळं एकटा कय्यूमच.

वर पिक्चर चालवायच्या मशीनरूममध्ये हरिदासच्या हातातला चहा तिथंच थांबला.

"सीटा?"

"त्याच. मागची रांग, कोपऱ्यातल्या. एकीवर सोता बसली, दुसरीवर पिशवी. म्या म्हटलं, बाई, पिशवी खाली ठेवा. त अशी पाह्यली माह्याकडं, जसा म्या तिच्या घरातच घुसलो."

"तोंड?"

"बांधलेलंच. दुपट्टा. नुसतं कपाळ अन् डोळे."

बारा वाजताचा शो. बाहेर राजुऱ्याचं ऊन, आत सहा डोकी, त्यातली दोन झोपायला आलेली. पिक्चर चौथ्या आठवड्यात घुसला होता, कारण दुसरा कोणी देतच नव्हतं.

गुप्तहेराचा पिक्चर. हिरोजवळ एक घड्याळ, चावी फिरवली की वेळ सात मिनिटं मागं. दुश्मन गोळी घालतो, हिरो वेळ मागं नेतो, वाचतो, परत फसतो, परत मागं.

पहिल्या शुक्रवारी मात्र थेटर फुल झालं होतं. कित्येक वर्षांनी. कोळसा खाणीतली माणसं बायकापोरं घेऊन आली. शिट्ट्या, टाळ्या, आरडाओरडा. हरिदासला राहवलं नाही. त्यानं मोबाईल मागच्या कठड्यावर ठेवला आणि अख्खा शो रेकॉर्ड केला. चित्र नाही, फक्त आवाज.

सोमवारी हॉल ओस पडला. मंगळवारी त्यानं तोच आवाज मागच्या जुन्या स्पीकरमधून हळूच सोडला. समोर बसलेल्या आठ-दहा जणांना वाटावं, मागं पब्लिक आहे. वळून पाहिलं तर अंधार. रेकॉर्डिंगमध्ये पिक्चरचे डायलॉगही घुमायचे, पण या पिक्चरमध्ये सगळंच दोनदा-तीनदा होतं. कोणालाच शंका आली नाही.

खरं म्हणजे तो हे लोकांसाठी कमी आणि स्वतःसाठीच जास्त लावायचा. घरी कोणी नव्हतं. पोरगी पुण्याला, फोन फक्त रविवारी. त्या आवाजातली माणसं त्याच्या ओळखीची झाली होती. एक म्हातारी खोकायची. एक लेकरू सारखं पाणी मागायचं. आणि एक गडी होता, राजा माणूस. हिरो तिसऱ्यांदा घड्याळ फिरवायचा तेव्हा तो मागच्याच रांगेतून ओरडायचा, "अबे भाऊ, ते घड्याळ मले दे, आज माही नाइट ड्यूटी हाये!" अख्खं थेटर फुटायचं. हरिदासही हसायचा. रोज, त्याच जागी.

मग आठ दिवसांपूर्वी ही बाई सुरू झाली.

"चेकर हाये," कय्यूमनं पहिल्याच दिवशी निकाल दिला. "कंपनीनं नागपूरवरून सोडली."

पिक्चर पुरवणाऱ्या कंपनीची माणसं अशीच गुपचूप येतात. आणि सगळं जुळत होतं. दोन तिकिटं कशाला? लागोपाठचे नंबर तपासायला. पिशवीत तपासणीचं मशीन असणार. कपाळावर टिकली नाही, हातात बांगडी नाही, म्हणजे हापिसातली बाई. शिवाय पडद्याकडं तर ती पाहतच नव्हती. हरिदासनं मशीनरूमच्या भोकातून कितीदा पाहिलं. डोळे मिटलेले, मान वळलेली, कान सरळ मागच्या स्पीकरकडं.

थेटरात मोबाईलवर रेकॉर्डिंग म्हणजे पोलीस केस. नोकरी तर गेलीच. मालक निमित्तच शोधत होता, त्याला इथं लग्नाचा हॉल काढायचा होता.

काल हरिदासनं घाबरून आवाज लावलाच नाही. इंटरव्हलला ती सरळ जिन्यापाशी आली.

"आज मागचा आवाज काऊन बंद हाये?"

"कोणता आवाज, बाई?"

"लोकायचा."

हरिदास जिन्याची एक पायरी वर सरकला. "लोक... आले नाईत ना आज."

तिनं वळून रिकाम्या हॉलकडं पाहिलं. मग म्हणाली, "उद्या येतीन?"

असा टोमणा हरिदासला जन्मात कोणी मारला नव्हता.

"पाय धरा तिचे," आज कय्यूम म्हणाला. "नाईतर दोघं बी जेलात पिक्चर पाहू."

"तू कशाले? रेकॉर्डिंग म्या केलं."

"मंग तिथं तुमचं डोकं कोण खाईन?"

हरिदासला हसू आलं नाही. उद्या शुक्रवार, पिक्चर उतरणार होता. ती रिपोर्ट देणार ती आजच. तिनं सगळं ऐकलेलंच आहे, आता लपवून काय? आवाज लावायचा, खाली जायचं, स्वतःच्या तोंडानं कबूल करायचं. शो सुटला की मोबाईल तिच्या हातात द्यायचा. पुढं तिची मर्जी.

त्यानं आवाज सोडला आणि खाली उतरला. अंधारात चाचपडत मागच्या रांगेपाशी आला. पिशवी ठेवलेल्या सीटच्या अलीकडं एक जागा सोडून बसला.

"बाई, माही चूक झाली. पण पोटावर पाय..."

तिनं डोळे न उघडता हात वर केला. "थांबा. आता आवाज येते."

पडद्यावर हिरो गच्चीवरून लटकत होता. दोनदा वेळ मागं नेऊन झाली होती. हात परत घड्याळाकडं चालला होता.

बाईनं तोंडावरचा दुपट्टा सोडला. तिशीतली असेल. केस सारखे केले. शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, सीटवरून एकदा हात फिरवला.

हिरोनं चावी फिरवली.

"अबे भाऊ, ते घड्याळ मले दे, आज माही नाइट ड्यूटी हाये!"

मागच्या स्पीकरमधून हशा उसळला. शिट्ट्या. रिकाम्या खुर्च्यांवरून तो आवाज गडगडत पुढं गेला.

बाईनं लाजून इकडंतिकडं पाहिलं. दुपट्ट्याचं टोक ओठांवर धरलं, रिकाम्या सीटकडं झुकली आणि हसू दाबत म्हणाली, "हळू बोला नं जी. लोक पाहून राह्यले."